बोटांचा कणस्वर

आष्टी गावच्या लग्नात सनईवाला जिभेच्या फटक्यानं सूर तोडतो. बॅगपाइपला ती सोय नाही, कारण पिशवीतली हवा अखंड वाहते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पाइप बँडमध्ये एकच सूर लागोपाठ दोनदा ऐकू येतो, तो केवळ बोटांच्या करामतीनं. बोटं फिरवायच्या नळीला, म्हणजे चँटरला, पुढं 7 भोकं, मागं अंगठ्याचं 1. सूर मिळतात 9. डाव्या हाताची तर्जनी क्षणभर उचलून झटकन टेकवली, की दोन सुरांमध्ये बारीकसा कणस्वर चमकून जातो. हीच पहिली पायरी. मग उजवी तर्जनी, डावी अनामिका. बोटं सपाट ठेवावीत, टोकानं दाबू नयेत. घाई तर नकोच! सुरुवात पिशवीविना, नुसत्या सरावाच्या चँटरवर करावी.