बैलाला अमावस्या होती

(जिल्हा बैठकीतील भाषण)



आजच्या विषयपत्रिकेत सोयाबीनचा भाव, पीकविमा आणि वीज असे तीन विषय होते. चौथा आम्ही मागाहून घातला, करमणुकीचा. तो वाचून काही जण हसले. एका जुन्या कार्यकर्त्याने तोंडावर विचारले, "घरात बँकेची नोटीस पडली आहे आणि तुम्ही हे खेळाचे काय काढले?" प्रश्न रास्त आहे. त्याच्यासाठी दहा मिनिटे घेतो.

आधी बैलाचे बोलू. अमावस्येला बैल जुंपायचा नाही ही आपल्याकडची जुनी रीत. काही गावांत सोमवारही बैलाचा. पोळ्याच्या आदल्या दिवशी त्याचे खांदे शेकायचे, त्याला जेवणाचे आवतण द्यायचे. कृषी महाविद्यालयाची पदवी घेऊन आम्ही बाहेर पडलो तेव्हा या अमावस्येला अंधश्रद्धा म्हणत होतो. जमिनीला वापसा आला असताना एक दिवस पेरणी थांबवणे म्हणजे उत्पादनाचे नुकसान, असे मेळाव्यांतून सांगतही होतो. हिशेब चुकला नव्हता. पण त्या दिवशी बैलाबरोबर माणूसही मोकळा होत होता, हे आमच्या पुस्तकात नव्हते. औत थांबले की गडी पारावर यायचा. आट्यापाट्या व्हायच्या, पोरे आखाड्यात उतरायची, रात्री टाळ निघायचे. पुढे ट्रॅक्टर आला. ट्रॅक्टरला अमावस्या नसते.

यंत्राला शिव्या देणाऱ्यांपैकी आम्ही नाही. खळ्यावर पात धरून ज्वारी मळायला दिवसामागून दिवस जात. मळणीयंत्र तेच काम काही तासांत करते आणि माणसाचे हाल वाचवते. मग वाचलेले दिवस गेले कुठे? सोयाबीनने भागत नाही म्हणून त्याच रानात हरभरा आला. हरभऱ्यामागे ओलित, फवारण्या आणि रात्रीचे जागरण आले. यंत्राने वाचवलेला वेळ भावाने खाल्ला. आता खळेही राहिले नाही. जिथे मळणी व्हायची आणि उन्हाळ्यात कबड्डी व्हायची, तिथे कुंपण आहे.

सरकारच्या हिशेबात आपल्या घरच्या श्रमाला जागा आहे. हमीभाव काढताना ए-टू अधिक एफएल म्हणतात, त्यातले एफएल म्हणजे घरच्या माणसांची मजुरी. तिचा हिशेब तासांवर चालतो आणि आठ तासांचा एक दिवस धरतात. पण मध्यरात्री वीज आली म्हणून बांधावर गेलेला माणूस, सापाच्या भीतीने बॅटरी हलवत पाणी फिरवणारा माणूस, तो दुसरा दिवस कसा काढतो? त्याला मजुरी मिळत नाही आणि झोपही मिळत नाही. आठवडाभर दिवसा आणि आठवडाभर रात्री, असे वेळापत्रक असलेल्या घरात संध्याकाळी कोण कुणाकडे जाऊन बसणार? सौर फीडर झाले तिथे दिवसाची वीज मिळू लागली आहे. बाकीच्यांसाठी ही मागणी विहिरीच्या पाण्याइतकीच झोपेची आणि पारावरच्या बैठकीचीही आहे, असे आम्ही मानतो.

नोकरदाराचा रविवार आभाळातून पडला नाही. मुंबईच्या गिरण्यांत कोकणातली आणि घाटावरची, म्हणजे शेतकऱ्यांचीच पोरे राबत होती. त्यांना आठवड्याची सुट्टी नव्हती. जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली कामगारांच्या सभा घेतल्या आणि रविवारची सुट्टी मागितली. ती पदरात पडायला १८९० साल उजाडले. सहा वर्षे लागली. गिरणीत गेलेल्या भावाने आपला वार मिळवला. घरी राहिलेल्या भावाने अजून मागितलेलाही नाही. आपण मागायला गेलो तर मालक कोण, कुणाकडे अर्ज करायचा, इथूनच अडचण आहे. पण गप्प बसण्याचे तेवढेच कारण नाही. रिकामा बसलेला शेतकरी आपल्यालाच आळशी वाटतो.

हुरड्याचेच पाहा. ज्वारीचा पेरा घटला, डुकरांपुढे आणि पाखरांपुढे राखणीला माणूस उरला नाही. शहरांच्या आसपास मात्र हुरडा पार्टी माणशी दराने विकली जाते. ज्याला त्यातून दोन पैसे मिळतात त्याने जरूर मिळवावेत, नाक मुरडायचे कारण नाही. आमचे विचारणे एवढेच, की पाहुण्यांसाठी आगटीत कणसे भाजणारा आपल्या शेजाऱ्याला घेऊन तिथे शेवटचा कधी बसला होता?

बैलांच्या शर्यतींवर २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली. २०२१ च्या डिसेंबरात अटींवर परवानगी मिळाली आणि २०२३ च्या मे महिन्यात घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. शंकरपट परत आला, कारण त्यासाठी माणसे भांडली. आता भुलाबाईचे काय झाले ते सांगा. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत महिनाभर मुली आणि माहेरवाशिणी घरोघर जमायच्या, गाणी म्हणायच्या, खिरापत ओळखायच्या. भुलाबाईवर कुठल्या कोर्टाने बंदी घातली नाही. ती सोयाबीनच्या सोंगणीत गेली, आणि कुणी अर्जही केला नाही.

इथे आमचीच चूक सांगतो. मागच्या वर्षी एका तालुका शिबिरात आम्ही बायकांचे खेळ ठेवले, वेळ संध्याकाळी सहाची. सतरंजी अंथरली, लाउडस्पीकर लावला. चार शाळकरी मुली आल्या. दुसऱ्या दिवशी एक बाई म्हणाल्या, "तुमचा खेळ नेमका आमच्या धारेच्या आणि चुलीच्या वेळी." वीस वर्षे सभा घेणाऱ्यांना सहा वाजता घरात काय चालते हे ठाऊक नव्हते. पुरुषाचा खेळ त्याचे काम संपल्यावर सुरू होतो. बाईचा खेळ तिचे काम दुसऱ्या कुणी उचलल्याशिवाय सुरू होत नाही. पोळ्याला बैल सुटतो, गडी सुटतो, पण पुरणाचे पातेले ढवळणारी सुटत नाही.

यंदा वेळ बायकांना विचारून ठरवली, दुपारी दोनची. स्वयंपाक शाखेच्या पुरुषांनी केला, गुरे-पोरेही त्यांनीच पाहिली. भात खाली लागला, वरणात मीठ दोनदा पडले. तीसएक बायका आल्या. पहिली पंधरा मिनिटे पदर सावरण्यात गेली, मग फुगड्या झाल्या आणि मग लंगडी. पन्नाशीच्या एक बाई धापा टाकत खाली बसल्या आणि म्हणाल्या, "लग्नानंतर मी पळाले ती फक्त सुटलेल्या वासरामागं."

खेळ संपल्यावर त्या तिथेच बसून राहिल्या आणि बोलू लागल्या. बियाण्यासाठी मायक्रोफायनान्सचे कर्ज काढलेले, हप्ता दर आठवड्याला, आणि घरच्या पुरुषाला त्याचा पत्ता नाही, अशा तिघी त्यात निघाल्या. इतक्या बैठका झाल्या, पण हे आमच्या कानावर कधी आले नव्हते. म्हणून खेळ हे बैठकीचे आमिष करा, असे मात्र नाही. तसे केले तर पुढच्या वेळी कुणी येणार नाही, आणि न येणेच बरोबर ठरेल.

आता त्या नोटिशीचे. आमच्या पाहण्यात असे आले आहे, की नोटीस पडलेला माणूस आधी पारावर यायचे सोडतो, मग भजनाला यायचे सोडतो. बैठकीला न येणे त्याच्याही नंतरचे. आपण त्याच्या घरी जातो तेव्हा फार उशीर झालेला असतो. टाळाला एक माणूस कमी आहे हे दिसायला आधी टाळ वाजत असावे लागतात. दारूचा गुत्ता आणि मोबाइलवरचा जुगार यांना आम्ही करमणुकीत धरत नाही. तिथे माणूस कमी झाला तर कुणाला चुकचुकत नाही.

तेव्हा प्रत्येक शाखेने कोजागिरीला भुलाबाई बसवायची. वेळ बायका ठरवतील. सोंगणी बाकी असेल त्याच्या रानात आदल्या दिवशी दहा जणांनी जाऊन हात लावायचा. दूध ज्यांच्याकडे दोन म्हशी आहेत त्यांनी द्यायचे, आटवायचे पुरुषांनी, आणि भांडीही त्यांनीच घासायची. खिरापत काय आहे ते मात्र कुणी आधी फोडू नये. ज्या शाखांना जमणार नाही त्यांनी अडचण काय ती लेखी कळवावी.

आता विजेचा विषय घेऊ.