गाडी आपली, करार दुसऱ्यांचा



या व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हांला बोलावले, तेव्हा आम्ही बोनसावर किंवा कंत्राटी कामगारांच्या प्रश्नावर बोलू, अशी त्यांची समजूत असणार. आम्ही विषय कळविला तो ‘जुन्या विजेच्या मोटारीतला टेलिफोन’ हा. चिटणिसांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. आमच्याजवळ मोटार नाही. पुष्कळ वर्षे सायकल होती, आता एक स्कूटर आहे. पण आमचे शाळेतले शिक्षण सातवीला संपले आणि पुढचे सारे शिक्षण झाले ते कारखान्यांच्या करारनाम्यांवर. रात्री युनियनच्या कचेरीत बसून, शब्दकोश शेजारी ठेवून, आम्ही कलमामागून कलम वाचीत असू. त्यामुळे एक खोड जडली आहे. कोणतीही वस्तू समोर आली, की हिच्यामागे कोणाचा कोणाशी करार आहे आणि त्याची मुदत किती, हे आम्ही आधी पाहतो. विजेच्या मोटारीकडेही आम्ही तसेच पाहिले, आणि जे दिसले ते आपणांपुढे ठेवावयाचे आहे.

आधी एक जुनी गोष्ट सांगतो. आम्ही तरुण असताना एका कारखान्यात करार झाला. पगारवाढ थोडी मिळाली, पण कामगारांना स्टेशनपासून कारखान्यापर्यंत बस मिळाली, म्हणून सारे खूष होते. दोन वर्षांनी एका सोमवारी बस आलीच नाही. चौकशी केली तेव्हा व्यवस्थापकांनी शांतपणे कलम दाखविले. ‘वाहतूक ठेकेदाराशी कंपनीचा करार अस्तित्वात असेपर्यंत’ बस मिळेल, असे त्यात लिहिले होते. ठेकेदाराचा करार संपला, बस संपली. आमची सही एका कागदावर होती आणि आमची बस दुसऱ्याच कागदावर चालत होती. तो दुसरा कागद आम्ही कधी पाहिलाही नव्हता. त्या दिवसापासून सहा किलोमीटरची पायपीट सुरू झाली.

आता मोटारीकडे वळू. आजच्या विजेच्या मोटारीत, डॅशबोर्डाच्या आत कोठेतरी, एक लहानशी पेटी असते. तिच्यात आपल्या मोबाइलात असते तसेच मोडेम आणि सिम असते, आणि तिला एक अँटेना जोडलेली असते. मोटारीच्या अंतर्गत तारांमधून ही पेटी बॅटरीत किती वीज आहे, चार्जिंग चालू आहे की थांबले, हे जाणून घेते. मग टेलिफोन कंपनीच्या जाळ्यातून ती माहिती मोटार कंपनीच्या सर्व्हरकडे जाते, आणि तेथून मालकाच्या खिशातल्या अ‍ॅपवर येते. मालकाने दिलेला हुकूम याच वाटेने उलट मोटारीकडे जातो.

यात चैन कोणती, असे कोणी विचारील. थंड मुलखातल्या माणसाला विचारा. विजेच्या मोटारीला तापलेले इंजिन नसते, म्हणून आतली हवा ऊबदार करावयाची तर तीही विजेवरच. निस्सानची लीफ ही मोटार डिसेंबर २०१० मध्ये बाजारात आली. तिची बॅटरी २४ किलोवॅट-तासांची होती आणि अमेरिकन सरकारी मोजणीप्रमाणे ती एका चार्जमध्ये ७३ मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर धावे. एवढ्या तुटपुंज्या शिदोरीत ऊब आणावयाची ती बॅटरी खर्चून नव्हे, तर मोटार घरच्या प्लगला लावलेली असतानाच. ते काम अंथरुणातून फोनवरून होई. दूर कोठे चार्जिंगला लावलेली मोटार मध्येच थांबली, तर तेही फोन सांगे. ही सोय मोटारीबरोबर विकली गेली आणि गिऱ्हाइकाने ती मोटारीबरोबर विकत घेतली.

परंतु या सोयीची बस दुसऱ्याच कागदावर चालत होती!

लीफमधले मोडेम टूजीचे, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या जाळ्यावर चालणारे होते. ही पिढी फिनलंडमध्ये १९९१ साली सुरू झाली. तिसरी पिढी जपानात २००१ साली आली, आणि चौथी डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम व ऑस्लो या शहरांत. म्हणजे मोटार नवी कोरी रस्त्यावर आली, तेव्हा तिच्यातला टेलिफोन दोन पिढ्या मागचा होता. यात लबाडी होती, असे आम्ही म्हणत नाही. मोटारीचा आराखडा रस्त्यावर येण्याच्या काही वर्षे आधी पक्का करावा लागतो, टूजीचे मोडेम स्वस्त होते, आणि त्या काळी टूजीचे जाळे बहुतेक सगळीकडे पोहोचले होते. इंजिनिअराने हिशेब केला तो आजचा. वस्तूच्या पुढच्या आयुष्याचा हिशेब त्याच्याकडून कोणी मागितला नव्हता.

टेलिफोन कंपन्यांनाही सरसकट दोष देता येत नाही. ज्या लहरींवर टेलिफोन चालतो त्या लहरींचे पट्टे मोजके आहेत. जुन्या जाळ्याने अडविलेला पट्टा नव्याला दिला, तर त्याच पट्ट्यात कितीतरी अधिक माणसांचे काम होते. जुने जाळे कधीतरी मिटणार, ही गोष्ट उघड आहे. प्रश्न असा, की ते मिटेल तेव्हा त्याच्यावर टांगलेल्या वस्तूंचे काय, हे आधी कोण ठरविणार?

अमेरिकेत काय घडले ते तारखांनिशी पाहा. ए टी अँड टी या कंपनीने ऑगस्ट २०१२ मध्ये जाहीर केले, की टूजीचे जाळे २०१६ च्या अखेरीपर्यंत आम्ही बंद करू. ही काही गुप्त वार्ता नव्हती. तरीसुद्धा तेथील लीफ मोटारी २०१५ च्या मॉडेलपर्यंत टूजीची पेटी घेऊनच विकल्या गेल्या. २०१४ साली शोरूममधून घरी नेलेल्या मोटारीतला टेलिफोन दोन-अडीच वर्षांत मुका होणार, हे जगाला ठाऊक होते. ठाऊक नव्हते ते बहुधा पैसे मोजणाऱ्याला. १ जानेवारी २०१७ पासून ते जाळे बंद झाले. मोटार कंपनीने मार्ग काढला. जुनी पेटी काढून थ्रीजीची पेटी बसवून घ्यावी, किंमत १९९ डॉलर. पुष्कळांनी ती बसवून घेतली. पुढे २२ फेब्रुवारी २०२२ रोजी त्याच टेलिफोन कंपनीने थ्रीजीही बंद केले. १९९ डॉलरांचे औषध पाच वर्षे पुरले, आणि मोटार पुन्हा मुकी झाली.

ध्यानात घ्या, मोटार चालतच होती. चाके फिरत होती, मोटार चार्ज होत होती, आणि चार्जिंगची वेळ आत बसून लावण्याची सोयही शाबूत होती. वाढवून सांगण्यात अर्थ नाही. कोणी रस्त्यावर पडले नाही. गेली ती पैसे देऊन घेतलेली एक सोय, आणि गेल्यावर तिची किंमत परत मागण्याचा मार्गही हाती राहिला नाही.

आता कोणी म्हणेल, जाळेच मिटले, तेथे मोटार कंपनी काय करणार? त्याने इंग्लंडचे उदाहरण पाहावे. तेथील टेलिफोन कंपन्यांनी टूजी फार तर २०३३ पर्यंत चालेल असे सांगितले आहे. तरीही १ एप्रिल २०२४ पासून तेथील २०१६ पूर्वीच्या लीफ मोटारींची अ‍ॅपची सेवा मोटार कंपनीने बंद केली. कारण दिले ते टूजी अस्ताला चालल्याचे. जाळे जिवंत, मोटार जिवंत, मोटारीतली पेटी जिवंत. मिटला तो सर्व्हरकडचा दरवाजा. यावरून समजते, की पेटी बदलली म्हणजे काम संपत नाही. पेटीने ज्याच्याशी बोलावयाचे, त्याने ऐकण्याचे कबूल केले पाहिजे, आणि तेही किती वर्षे, हे कागदावर आले पाहिजे.

दुसरी बाजूही ऐकू. वाटाघाटीला बसणाऱ्याने समोरच्याचे खरे म्हणणे खोटे ठरवू नये, असे आम्ही तरुण कार्यकर्त्यांना नेहमी सांगतो. मोटार कंपन्या म्हणतात, की ही दारे सर्वांना उघडी केली तर चोरही आत येतील. हे भय पोकळ नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये एका ऑस्ट्रेलियन तज्ज्ञाने दाखवून दिले, की मोटारीचा ओळखक्रमांक ठाऊक असला, तर दुसऱ्या देशात बसून कोणाच्याही लीफमधली वातानुकूलन यंत्रणा चालू करता येते आणि त्याच्या प्रवासाची टिपणेही वाचता येतात. कंपनीला ते अ‍ॅप काही काळ बंद ठेवावे लागले. पण मंडळी, ती चूक घडली तेव्हा दाराची किल्ली एकट्या कंपनीकडेच होती. दार बंद ठेवल्याने कुलूप चांगले होत नाही. कुलूप चांगले केल्यानेच ते चांगले होते.

मग उपाय आहे की नाही? आहे, आणि तो कल्पनेतला नाही. टेस्लाच्या मॉडेल एस या मोटारीत २०१५ च्या मध्यापर्यंत थ्रीजीचे मोडेम होते. तेथेही २०२२ साली जाळे मिटले. तेव्हा कंपनीने सुमारे २०० डॉलर घेऊन चौथ्या पिढीचे मोडेम बसवून दिले. फुकट दिले नाही, पण वाट ठेवली. याहून मोलाचे उदाहरण मोटार मालकांनी स्वतः उभे केले आहे. टेस्लाच्या पहिल्या रोडस्टर मोटारीच्या काही मालकांपासून सुरू झालेले ‘ओपन व्हेइकल मॉनिटरिंग सिस्टिम’ नावाचे एक काम आहे. ही एक छोटी पेटी असून, मोटारीची तपासणी करण्यासाठी मेकॅनिक ज्या सॉकेटला आपले यंत्र लावतो, तेथे ती जोडतात. सिम मालकाचे. सर्व्हर कोणता, ते मालकाने निवडावयाचे. आतली सारी रचना सर्वांना वाचता येईल अशी खुली. आणि मुख्य गोष्ट, तिच्यातले मोडेम वेगळ्या तबकडीवर आहे. थ्रीजी संपले तेव्हा ती तबकडी काढून चौथ्या पिढीची बसविता आली. बाकीची पेटी होती तशीच राहिली. फिटर माणसाला यात नवल नाही. जो भाग लवकर झिजतो, तो सुटा काढता येईल असा बसवावा, हे त्याला पहिल्या वर्षी शिकवितात. टेलिफोनचे मोडेम हा झिजणारा भाग आहे. ब्रेकचे लायनर घासून झिजते, मोडेम काळाने झिजते, इतकाच फरक.

कायद्याचीही वाट आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात नोव्हेंबर २०२० मध्ये मतदारांपुढे थेट प्रश्न ठेवला होता, की मोटारीकडून बिनतारी मार्गाने जाणारी दुरुस्तीची माहिती मालकाला आणि त्याने निवडलेल्या मेकॅनिकला मिळावी की नाही. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे तीन चतुर्थांशांनी ‘मिळावी’ असे सांगितले. कंपन्या न्यायालयात गेल्या, वर्षे लोटली, ते होणारच. पण सामान्य माणसाला प्रश्न कळला, तर तो उत्तर बरोबर देतो, हे तेथे दिसले.

आपण म्हणाल, हे सारे सातासमुद्रांपलीकडचे. नव्हे. २०२० च्या जानेवारीत बाजारात आलेली टाटांची विजेवरची नेक्सॉन आपल्या पुण्याजवळ रांजणगावला तयार होते, आणि फोनवरून तिच्याशी बोलण्याची सोय तिच्यात पहिल्यापासून आहे. आपल्या देशातही जाळी मिटतात. एअरटेलने थ्रीजी २०२० च्या सुमारास गुंडाळले, आणि जिओ २०१६ साली आली ती चौथ्या पिढीचेच जाळे घेऊन. आज आपल्या गावात नवी असलेली मोटार दहा वर्षांनी जुनी होईल आणि दुसऱ्या-तिसऱ्या हाती जाईल. पहिला मालक सधन असतो. मुकी मोटार पदरी पडते ती बहुधा जपून पैसे साठविणाऱ्या दुसऱ्या मालकाच्या. म्हणून आम्ही हा प्रश्न श्रीमंतांचा मानीत नाही.

युनियनवाला माणूस मागणीपत्राशिवाय उठत नाही. आमच्या मागण्या चारच आहेत. पहिली, मोटारीतला टेलिफोन व अ‍ॅपची सेवा किती वर्षे चालेल, हे विक्रीच्या कागदावर किंमतीइतक्याच ठळक अक्षरांत छापावे. दुसरी, मोडेम सुटे काढता येईल असे बसवावे आणि नव्या पिढीचा भाग कोणत्या किंमतीला मिळेल ते आधी सांगावे. तिसरी, तो भाग बसविण्याची आणि त्याची नोंद करण्याची माहिती आपल्या पेठेतल्या मेकॅनिकलाही मिळावी. चौथी, कंपनीला सेवा बंद करावयाचीच असेल, तर मालकाला आपल्या पसंतीच्या सर्व्हरशी मोटार जोडण्याची मोकळीक द्यावी. यांत विज्ञानाला अवघड असे एकही कलम नाही. अवघड आहे ते एवढेच, की या करारात तिसरा पक्ष आहे हे आधी मान्य करावे लागेल.

त्या बसचे पुढे काय झाले, हे विचारल्याशिवाय आपण आम्हांला सोडणार नाही. पुढचा करार व्हायला दीड वर्ष लागले. त्या रात्री पगाराच्या आकड्यावर फारशी घासाघीस झाली नाही. झाली ती एका ओळीवर. ‘ठेकेदाराशी करार अस्तित्वात असेपर्यंत’ हे शब्द आम्ही खोडले आणि त्या जागी लिहिले, ‘या कराराच्या संपूर्ण मुदतीत’. चार शब्द लिहायला पहाटेचे तीन वाजले. त्यानंतर ठेकेदार दोनदा बदलले. बस मात्र रोज आली.

आपल्यापैकी कोणी उद्या विजेची मोटार घेण्यास गेला, तर रंग पाहावा, बॅटरी पाहावी, आणि मग विक्रेत्याला विचारावे, ‘हिच्यातला टेलिफोन किती वर्षे बोलेल, आणि ते कोठे लिहिले आहे?’ उत्तर मिळणार नाही, अशी तयारी ठेवावी. पण शंभर जणांनी विचारले, तर एकशे एकाव्याला छापील उत्तर मिळेल.