काकड्याची पहाट



नाताळाआधीचे चार रविवार ख्रिस्ती बांधव गीते गात वाट पाहतात. आपल्या महाड-पोलादपुरात तसा काळ म्हणजे काकड्याचा महिना, कोजागरी ते त्रिपुरी पौर्णिमा. पहाटे भूपाळ्या, अभंग, गौळणी, मग आरती. चाल संथ असते. ओळ संपेपर्यंत श्वास पुरवावा लागतो, शेजाऱ्याच्या सुरात सूर मिळवावा लागतो. तेवढ्यात मनाची धावपळ थांबते.

२२ जुलै २०२१ रोजी महाड पुरात बुडाले, तळीयेवर दरड कोसळली. तिथे ८० हून अधिक माणसे गेली. अशा दुःखाला गाण्यात उत्तर नाही, पण एकत्र बसायला जागा आहे.

आपण मुंबई-पुण्याला गेलो, देवळातले टाळकरी कमी झाले. येत्या कार्तिकात एक तरी पहाट गावी या. गळा गोड नसला तरी चालतो.