गोष्ट कोणाची, हिशेब कोणाला?



गेल्या पावसाळ्यात सुभानपुऱ्यातील आमच्या सोसायटीत एक चित्रफीत मोबाईलवरून घरोघरी फिरली. रडणारे मूल, मागे करुण वाद्यसंगीत आणि शेवटी बँकखात्याचा क्रमांक! संध्याकाळपर्यंत बहुतेकांनी यथाशक्ती पैसे पाठविले. मीही त्यांत होतोच. पण त्या मुलाचे पुढे काय झाले, हे आम्हांस आजतागायत कळलेले नाही. आल्या त्या केवळ नव्या चित्रफिती. आता तसले काही आले की शेजारच्या वहिनी न पाहताच पुसून टाकतात.

हा दोष यंत्राचा नव्हे. गोष्ट सांगून मदत मिळविण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पंडिता रमाबाईंनी १८८७ साली अमेरिकेत उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. त्याच वर्षाअखेर बॉस्टन येथे ‘रमाबाई असोसिएशन’ स्थापन झाली व तिने दहा वर्षे साह्य देण्याचे पत्करले. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदासदन उघडले. तेथे शिकलेल्या गोदूबाईंचा १८९३ साली धोंडो केशव कर्वे यांच्याशी पुनर्विवाह झाला आणि १८९६ साली कर्व्यांनी अनाथबालिकाश्रम काढला. त्या अमेरिकन देणगीदारांकडे असोसिएशनचे वार्षिक अहवाल जात असत. म्हणजे एकदा ऐकलेली गोष्ट त्यांच्यापुरती तेथेच तुटत नसे. शिवाय रमाबाई स्वतः विधवा होत्या. त्या बोलत त्या आपल्याच अनुभवाच्या बळावर.

आमच्या चित्रफितीतील मुलाला कोणी काही विचारले असेल, असे मला वाटत नाही. काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या बालकाची ओळख उघड करण्यास २०१५ च्या बालन्याय कायद्याच्या ७४ व्या कलमाने मनाई केली आहे. कायदा बाजूस ठेवला तरी, ते मूल उद्या मोठे होईल आणि तो चेहरा कोणाच्या ना कोणाच्या मोबाईलमध्ये राहिलेलाच असेल, याचा विचार करणाऱ्याने करावयास नको होता काय?

आमच्या भागातील एका शिवणवर्गाने यंदा निराळी वाट धरली. वर्गातील एका बाईंनी आपली हकीकत स्वतःच सांगितली. मग चित्रफीत पाहून नवऱ्याविषयीचा भाग काढावयास लावला. मुलांनी तो मुकाट्याने काढला. पैसे थोडेच जमले, हे खरे. चार महिन्यांनी त्याच बाईंनी नव्या यंत्रावर बसून दुसरी चित्रफीत पाठविली. तीत दुकानदाराची पावतीही दाखविली होती. वहिनींनी ती दोनदा पाहिली आणि पावतीवरचा आकडा मला मोठ्याने वाचून दाखविला.