लहान मुलांसाठी चित्रांचे पुस्तक कसे पारखावे?

(पालक मेळाव्यात केलेले भाषण)



'इक्रा', म्हणजे 'वाच', ही पहिली आज्ञा आपण प्रत्येक समारंभात अभिमानाने सांगतो. परंतु पहिली-दुसरीतल्या आपल्या मुलाच्या हाती वाचण्यासाठी आपण काय देतो, याचा विचार फारसा करीत नाही.

माझाच अनुभव सांगतो. दुसरीच्या एका मुलाने मी दिलेले चित्रांचे पुस्तक घडाघडा वाचून दाखविले. मला आनंद झाला. पण एका पानावर छापले होते 'कोंबडी' आणि तो म्हणाला 'मुर्गी'! मग मी तेच शब्द फळ्यावर लिहिले. त्याला एकही वाचता आला नाही. तो अक्षरे वाचतच नव्हता, चित्रे वाचत होता. दोष मुलाचा नव्हता. प्रत्येक पानावर एक चित्र व खाली एक शब्द, एवढेच त्या पुस्तकात होते. आणि चकचकीत मुखपृष्ठ पाहून ते निवडले होते मी.

म्हणून पुस्तक घेण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात.

पहिली, चित्र आणि मजकूर यांचा मेळ. चित्राने मुलाचा हात धरावा, त्याला कडेवर घेऊ नये. चित्रात कोंबडी दिसावी. ती कोठे गेली व का गेली, हे मात्र वाचल्यावरच कळावे.

दुसरी, भाषा. वाक्ये लहान असावीत, तेच शब्द पुन्हा पुन्हा यावेत आणि जोडाक्षरे थोडी असावीत. अक्षर ठळक असावे व ते चित्रावर छापून दिसेनासे झालेले नसावे.

तिसरी, ओळखीचे जग. आपल्या गोंदिया जिल्ह्यातील मुलाला धानाची बांधी, तलाव, सारस पक्षी ठाऊक असतो. बर्फाचे घर त्याने जरूर पाहावे. पण पहिल्या पुस्तकात चित्रही अनोळखी आणि शब्दही अनोळखी असला, तर तो कशाच्या आधाराने वाचणार?

चौथी गोष्ट उर्दू माध्यमाच्या पालकांसाठी. उर्दू उजवीकडून डावीकडे वाचतात. मराठी किंवा हिंदी पुस्तकाचा अनुवाद करताना चित्रांचा क्रम तसाच ठेवला असेल, तर गोष्ट उलटी होते. एका पानावर दोन-तीन चित्रे असतील, तर त्यांचा क्रम तपासून पाहावा.

चांगली पुस्तके महागच असतात असे नाही. १९५७ साली स्थापन झालेल्या नॅशनल बुक ट्रस्टची 'नेहरू बाल पुस्तकालय' ही माला स्वस्त आहे. बंगळूरच्या प्रथम बुक्सने २०१५ साली 'स्टोरीवीव्हर' सुरू केले. त्यावर मराठी व उर्दू दोन्ही भाषांतील चित्रकथा वाचनाच्या चार पातळ्यांनुसार लावलेल्या आहेत आणि मोबाईलवर विनामूल्य वाचता येतात.

आता काही माता म्हणतील, "सर, आम्हाला कुठे वाचता येते?" भगिनींनो, विड्या वळता वळता एवढेच करा. मुलाला एक पान वाचायला सांगा. मग चित्रावर हात ठेवा आणि तेच पान पुन्हा वाचायला सांगा. नंतर विचारा, "पुढे काय झाले? ते तुला कशावरून कळले?" चित्र झाकल्यावर मूल अडखळले तर रागावू नका, तसे शाळेत येऊन आम्हाला सांगा. ही परीक्षा घ्यायला अक्षरओळख लागत नाही.

२०२१ साली सुरू झालेल्या निपुण भारत अभियानाचे उद्दिष्ट, तिसरी संपेपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे, हे आहे. तिसरीत मागे पडलेले मूल पुढे प्रत्येक विषयात मागे पडते; कारण गणितही वाचूनच सोडवावे लागते. मग ते लाजते आणि हळूहळू शाळा चुकवू लागते.

मोठ्या वर्गांतील विद्यार्थ्यांनो, तुम्ही रोज दहा मिनिटे धाकट्या भावंडाजवळ बसा. त्याला वाचू द्या, तुम्ही ऐका. आजच घरी गेल्यावर सुरुवात करा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.