विजेने व्यसन सुटते काय?



पंचशीलातील पाचवे शील आपण नेहमी म्हणतो. परंतु ज्या घरात दारू शिरली, तिथे ते पाळणे किती कठीण जाते हे जानेफळ परिसरातील आयाबहिणींना आम्ही सांगायला नको. अशा पिडलेल्या घराला कुणी म्हणाले, "डोक्याला करंट दिला की दारू सुटते," तर ते घर दागिना मोडूनही पैसे उभे करील. म्हणून यात खरे किती, ते आम्ही आपल्यापुढे मांडत आहोत.

ही कल्पना थोतांड नाही. १९७२ साली हाँगकाँगचे मेंदूचे सर्जन डॉ. एच. एल. वेन वेदना कमी करण्यासाठी सुयांमधून सौम्य वीज सोडत होते. तेव्हा अफू न मिळाल्याने होणारा त्रासही थांबतो, असे त्यांच्या ध्यानात आले. पूर्वी आपल्या लुधियानात रुग्णसेवा केलेल्या डॉ. मेग पॅटरसन यांनी त्यावरून यंत्र बनविले. मात्र १९८४ साली इंग्लंडमध्ये झालेल्या तुलनेत मेथाडोन या औषधापुढे ही वीज कमी पडली. पुढे अमेरिकेत २०१७ साली कानामागे लावायच्या यंत्राला अफूवर्गीय नशेच्या त्रासापुरती, तर २०२० साली चुंबकीय यंत्राला सिगारेट सोडण्यासाठी परवानगी मिळाली. दारूबाबत संशोधन चालू आहे. औषधोपचाराची जागा विजेने घेतलेली नाही.

आता महत्त्वाचे. दारू मेंदूला मंदावते, म्हणून रोज पिणाऱ्याचा मेंदू जास्त जोर लावून काम करतो. दारू एकाएकी बंद झाली की तो जोर मोकाट सुटतो. हात थरथरतात, घाम फुटतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, पुढे भ्रम होतो. प्रसंगी जीव जातो. म्हणून वर्षानुवर्षे पिणाऱ्याला शपथ घालून खोलीत कोंडू नका. मेहकर किंवा बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यात आधी दाखवा. गोळ्या आणि थायमिन हे जीवनसत्त्व देऊन डॉक्टर हे दिवस निभावून नेतात.

शरीराचा त्रास साधारण आठवड्यात ओसरतो. ओढ मात्र मागे राहते. म्हणूनच २९ ऑगस्ट १९८६ रोजी पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणात औषधांबरोबर समुपदेशन, गटचर्चा आणि कुटुंबाचा सहभाग यांवर भर दिला गेला. सल्ल्यासाठी १४४४६ हा राष्ट्रीय क्रमांक विनामूल्य आहे.

बंधूंनो, व्यसनी माणूस आजारी आहे, गुन्हेगार नव्हे. यंत्राच्या जाहिरातीला भुलून कर्ज काढू नका, आणि दारू सोडून परतलेल्या माणसाला टोमणे मारू नका. त्याला कामात घ्या, सभेत बसवा. एवढे आपल्या वस्तीने केले तरी पुष्कळ संसार सावरतील.

जयभीम!