छावणीतल्या एका खोलीत
(महिला मेळाव्यातील भाषणाचा संपादित अंश)



काश्मीर म्हटले की आपल्यासमोर सीमा येते, सैनिक येतो, राज्यघटनेची कलमे येतात. मला आज त्या प्रश्नातील स्त्रीविषयी बोलायचे आहे.

१९९० साली खोऱ्यातील हिंदू कुटुंबे घरदार सोडून जम्मूला आली. मुठी, पुरखू, मिश्रीवाला येथील छावण्यांत आधी तंबू, नंतर कुटुंबामागे एक खोली. जगतीच्या सदनिका मिळाल्या २०११ साली! त्या एका खोलीत सासू-सासरे, मुले, वयात आलेली मुलगी. आडोसा एका चादरीचा. पुरुष बाहेर पडे, मोर्चात घोषणा देई, मन मोकळे करी. ती मात्र आतच. डॉक्टरांकडे गेली तरी डोकेदुखी सांगे, छातीतली धडधड सांगे. मन दुखते असे म्हणायची तिला सवयच नव्हती. आपण तेथे धान्य, पांघरुणे पाठविली, ते योग्यच होते. पण तिला रात्री झोप लागते का, हे आपल्यापैकी कितीजणांनी विचारले?

खोऱ्यात राहिलेल्या स्त्रियांचे काय? २०१५ साली ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ने काश्मीर विद्यापीठासह सर्वेक्षण केले. नैराश्याची लक्षणे पुरुषांत ३७ टक्के, तर स्त्रियांत ५० टक्के आढळली. बेपत्ता पतीची वाट पाहणाऱ्या ‘अर्ध-विधवा’ही याच खोऱ्यातल्या. या बहुतांशी मुस्लिम भगिनी आहेत. काहींना हा उल्लेख रुचणार नाही. मला तो टाळता येत नाही.

कायद्यानेही स्त्रीलाच वेगळे मापले. मुलीने राज्याबाहेर विवाह केला की तिचा रहिवासाचा अधिकार गेला, असे प्रशासन मानी. २००२ साली उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने ते अमान्य केले, तरी मुलांच्या वारशाचा प्रश्न ३५ अ कलम २०१९ साली निष्प्रभ होईपर्यंत लोंबकळतच राहिला. विस्थापितांच्या मुली तर बाहेरच विवाह करणार होत्या! घर गेले होतेच, त्याच्यावरचा हक्कही जाणार, ही धास्ती त्यांच्या आयांनी वर्षानुवर्षे बाळगली.

महाराष्ट्राने विस्थापितांच्या मुलांसाठी अभियांत्रिकी महाविद्यालयांत जागा राखून ठेवल्या. मुले येथे शिकली, स्थिरावली. त्यांच्यापैकी काहींच्या वृद्ध आया आज आपल्याच शेजारी असतील. शिवरात्रीला, ज्याला त्या हेरथ म्हणतात, त्यांच्याकडे अवश्य जा. भिजवलेले अक्रोड हातावर ठेवतील. तेव्हा राजकारण काढू नका. अंगणात कोणती झाडे होती, एवढेच विचारा आणि त्या बोलतील तितका वेळ बसा.